वाचक विचारतात : मंडप हलवताना

प्रश्न : शिकागोच्या 1893च्या जागतिक प्रदर्शनातला नॉर्वेचा लाकडी मंडप उकलून परत नॉर्वेत उभारला, असं वाचलं. एवढं जुनं लाकूड सोडवून पुन्हा जोडता येतं?

उत्तर : येतं, कारण तो मुळात सुटाच घडवलेला. नॉर्वेतल्या ऑर्कांगर गावच्या कारखान्यात भाग तयार करून ते जहाजाने शिकागोला नेले होते. (विवेकानंद ज्या सर्वधर्म परिषदेत बोलले, ती याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) पुढे मंडप विस्कॉन्सिनमध्ये जिनिव्हा तलावाकाठी गेला, 1935मध्ये विस्कॉन्सिनमधल्याच ब्लू माउंड्सच्या 'लिटल नॉर्वे' संग्रहालयात. ते 2012ला बंद पडलं. 2015मध्ये मंडप उकलला आणि 2017मध्ये ऑर्कांगरला लोकांसाठी खुला झाला.

उकलण्याचा क्रम बांधणीच्या उलटा : लाकडी कौलं, रिपा, वासे, भिंतीच्या फळ्या, शेवटी तुळया आणि खांब. पण हात लावण्याआधी नंबर घालायचे. ॲल्युमिनियमच्या बिल्ल्यावर ठोकून उमटवलेलं 'पू-1-14' म्हणजे पूर्वेची भिंत, पहिला मजला, डावीकडून 14वी फळी. 'डावीकडून' म्हणजे आतून पाहताना की बाहेरून, हे आधीच ठरवा. नाहीतर एकाचे नंबर आतून, दुसऱ्याचे बाहेरून पडतात आणि जोडताना भिंत जुळत नाही. खडू पहिल्या पावसात जातो, मार्कर उन्हात उडतो. बिल्ला मागच्या बाजूला, स्टेनलेसच्या छोट्या खिळ्याने ठोका.

सगळ्यात जास्त नुकसान टंग-ग्रूव्ह फळ्यांचं (एका कडेला जीभ, दुसरीला खाच, अशा एकमेकींत बसणाऱ्या) होतं. खिळा जिभेतून तिरपा मारलेला असतो. कटावणीने ओढलं की जीभ चिरते. म्हणून एका फळीचा बळी द्यायचा : ती लांबीत मधोमध कापून काढली की शेजारच्या फळ्या बाजूला सरकवत सोडवता येतात. खिळा हटत नसेल तर फटीत हॅकसॉचं पातं घालून कापा.

खांबांचे पाय बहुधा कुजलेले निघतात. टोकदार आरी (टोच्या) खुपसून पाहा. सहज आत जाते तेवढाच भाग काढा. त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडा, सांधा जाडीच्या तिप्पट तरी लांब. नव्या तुकड्याच्या मागच्या बाजूला तो बसवल्याचं वर्ष कोरा. जुना रंग शिशाचा आहे असंच धरा, कोरडा घासू नका.

समुद्रमार्गे न्यायचं तर ओलावा 18 टक्क्यांखाली आल्याशिवाय कंटेनर बंद करू नका. दिवसा तापून रात्री गार होताना आतल्या छताला पाणी सुटतं, ते टपकून लाकडाला बुरशी लागते. पॅकिंगच्या लाकडालाही गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसवर 30 मिनिटं उष्णता दिल्याचा शिक्का लागतो.

उभारून लोकांना आत सोडायचं तर खरी अडचण आतल्या लाकडी जमिनीची. युरोपीय मानकात घराला चौरस मीटरला साधारण 150 ते 200 किलो भार धरतात, संग्रहालयाला 300 ते 500. जुन्या तुळया बदलू नका, दोन तुळयांच्या मधल्या जागेत पोलादी तुळया लपवा.

प्रश्न : मंडप लोखंडी असेल तर?

उत्तर : मग सगळंच न्यायचा हट्ट नको. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाची (आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, म्हणजे 'व्ही अँड ए') 1857ची पत्र्याची दालनं उन्हाळ्यात तापायची, हिवाळ्यात गारठायची. लोक त्यांना तिथल्या भागाच्या नावावरून 'ब्रॉम्प्टनचे बॉयलर' म्हणून चिडवत. त्यांचा फक्त सांगाडा पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीनला नेला आणि भोवती विटांच्या भिंती बांधून 1872मध्ये संग्रहालय उघडलं. मुंबईचे मंचेरजी भावनगरी 1895ला पार्लमेंटात निवडून गेले ते याच बेथनल ग्रीनमधून. तो सांगाडा आजही तिथे, आता 'यंग व्ही अँड ए' म्हणवणाऱ्या त्याच संग्रहालयात, उभा आहे.

बिडाचे खांब हातोडीने हलके वाजवून पाहा; आवाज बद्द आला तर तडा आहे. त्याला साधं वेल्डिंग करू नका, तडा शेजारी सरकतो. पोकळ खांबातून छपराचं पाणी उतरवण्याची तेव्हा पद्धत होती, लंडनच्या 1851च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या काच-लोखंडाच्या क्रिस्टल पॅलेसमध्येही तसंच होतं. असा खांब कचऱ्याने तुंबला की आतून गंजतो आणि बाहेरचा रंग मात्र ठणठणीत दिसतो. जोडण्याआधी खांब आतून साफ करा, पाण्यासाठी वेगळा पाइप काढा.