मोबाईल, गुडघा आणि दुधाचे खाडे

“मॅडम, मोबाईल काढूनच घेऊ का?” दहावीच्या मुलांचे आईवडील खुर्चीत टेकायच्या आधी हे विचारतात. समुपदेशक म्हणून गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एका घराची गोष्ट सांगूनच उत्तर द्यावं म्हटलं. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

ओंकार पंधरा वर्षांचा, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. रात्री दोन-अडीचपर्यंत गेम, सकाळी शाळेला दांडी, चाचणीत तीन विषय गेलेले. वडिलांनी संतापून वायफायची वायर पकडीनं तोडली, तर यानं शेजारच्या दादाकडून हॉटस्पॉट मिळवला. एके रात्री भरलं ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन माझ्याकडं आली.

पहिल्या दोन भेटींत “हो”, “नाही”, “माहीत नाही” एवढंच. किती तास खेळतोस, हे मी विचारलं नाही, ते घरात रोज विचारून झालं होतं. पण बसताना तो डावा पाय सरळ ठेवायचा आणि बोलता बोलता गुडघ्यावर तळवा फिरवायचा.

“दुखतो अजून?”

“लिगामेंट गेलंय. गांधी मैदानावर मॅचमध्ये.”

मग पहिल्यांदाच तो सलग दहा मिनिटं बोलला. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. इथं तालमींच्या टीम आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात. पोरगा कुठल्या टीमकडून खेळतो, यावर गल्लीतली त्याची ओळख ठरते. दुखापतीनंतर मित्र दोन आठवडे घरी आले. मग त्यांचा सराव सुरू झाला आणि येणं थांबलं.

“आणि गेममध्ये?”

“रात्री अकराला नाही आलो तर चौघं मेसेज टाकतात. भावा, कुठाईस? ये की लवकर.” थोडं थांबून म्हणाला, “तिथं माझी वाट बघतात, मॅडम.”

शेजारी बसलेल्या वडिलांनी तोंड उघडलं होतं. मी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या शांततेत त्यांनीच पोराच्या गुडघ्याकडं पाहिलं, बहुधा कित्येक महिन्यांनी. मी कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. माणूस आधी आहे तसा स्वीकारला गेला, की बदलायची ताकद त्याच्यातच सापडते, हे मी मानते. त्या दिवशी ते माझ्या खोलीत घडताना पाहिलं, याचं समाधान आजही आहे.

म्हणून पालकांना माझं सांगणं असं, की मोबाईल हातात यायच्या आधी मुलाच्या हातून काय सुटलं ते शोधा. दुखापत, बदललेली शाळा, वर्गातली चेष्टा, घरातली भांडणं, एकटेपणा. काही मुलांत आधीपासून उदासी, लोकांत मिसळायची भीती किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असते, ती नुसती शिस्तीनं जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार घेतलाय, तो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण तिथंही तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा राहिलाय का, बाकी सगळं मागं पडलंय का, नुकसान दिसूनही चालूच आहे का, आणि हे साधारण १२ महिने टिकलंय का, हे पाहतात. ओंकारचे सातच महिने झाले होते. त्याच्यावर व्यसनी असा शिक्का मारायची मला घाई नव्हती, मदत मात्र लगेच हवी होती.

सुरुवात झोपेपासून केली. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या प्लगला. सगळे म्हणजे वडिलांचाही. ते जेवताना रील्स बघायचे, त्यामुळं पहिले काही दिवस सगळ्यात अवघड त्यांनाच गेलं. फिजिओथेरपी पुन्हा सुरू झाली. गेम बंद केला नाही, शनिवार-रविवारी दुपारी ठेवला. मित्र एकदम तोडायला सांगून पोर ऐकत नसतं.

तिसऱ्या आठवड्यात तो पहाटे तीनपर्यंत खेळला. आई रडत म्हणाली, “सगळं पाण्यात गेलं.”

मी विचारलं, “ताई, दुधाचा खाडा पडला तर रतीब बंद करता का?”

त्या हसल्या. घरी जाऊन कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी ओंकारला त्याचे खाडे लिहायला लावले. रागवायचं नाही, नुसतं लिहायचं.

मात्र मूल जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, हात उगारत असेल, रात्रंदिवस झोपत नसेल, तर कॅलेंडरवर थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

ओंकार अजून मॅच खेळत नाही. संध्याकाळी लहान पोरांच्या सरावाला शिट्टी घेऊन उभा राहतो, उशीर झाला की ती पोरं घराखाली येऊन हाका मारतात. गेल्या महिन्याचं कॅलेंडर आईनं मला दाखवायला आणलं होतं. दुधाचे खाडे दोन, ओंकारचे चार आणि खाली वेगळ्या अक्षरात, “पप्पा – सहा.”