‘ठेवायचं कशाला, सगळंच काढून टाका’

स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात पहिलं वाक्य हेच निघतं. डोंबिवलीच्या एक काकू असंच ठरवून आल्या होत्या. म्हणजे घरच्यांनी ठरवलं होतं. वय ५२, गाठ लहान. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेले: गाठ आणि तिच्या कडेचा थोडा भाग काढून पुढे रेडिएशन, नाहीतर पूर्ण स्तन काढणं. बोलत होत्या त्यांच्या नणंदबाई. “या वयात वहिनीला काय करायचंय, मॅडम? जीव वाचल्याशी कारण.” काकू खाली मान घालून फाइलच्या नाडीला गाठी मारत होत्या.

मी काकूंनाच विचारलं, भीती कसली वाटते? “काढलं नाही तर जगेन ना?”

जगण्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी या सर्जननी अशा बायकांचा वीस वर्षं पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडले: स्तन राखला म्हणून आयुष्य कमी झालं नाही. त्याच स्तनात पुन्हा गाठ होण्याची शक्यता मात्र थोडी जास्त असते. म्हणून रेडिएशन घ्यायचं आणि दरवर्षी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, करायची. आणि केमो? ती गाठीच्या प्रकारावर आणि काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर पोहोचलाय का, यावर ठरते. सगळं काढलं म्हणून केमो चुकत नाही. कधीकधी रेडिएशनही चुकत नाही.

काढणं चूक असंही नाही. एकाच स्तनात वेगवेगळ्या जागी गाठी असतील, छातीला आधी रेडिएशन झालं असेल, तर डॉक्टरच बहुधा तो सल्ला देतात. काही जणींना स्वतःलाच तसं हवं असतं. हवं मात्र तिला असावं, नणंदेला नव्हे.

इतका वेळ गप्प बसलेले काका तेव्हा बोलले, “रोज परळला आणायचं कसं?” अडलं होतं ते इथे. रेडिएशन साधारण तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, तेही लोकलने परळच्या हॉस्पिटलात येऊन. मुंबईत ही अडचण किरकोळ नाही. कॅन्सरच्या रुग्णांना दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. गर्दी उतरल्यानंतरची वेळ मागता येते, घराजवळच्या केंद्रात रेडिएशन होईल का तेही विचारता येतं. आठ-दहा दिवस विचार करा म्हटलं, पण महिने घालवू नका.

काकूंनी स्तन राखायचं ठरवलं. रेडिएशनपुरत्या त्या दादरला भाचीकडे राहिल्या.