वाचकांचे प्रश्न : धुरातला कार्बन पकडायचा, पण वाफ कुठून आणायची?

प्रश्न : औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषायला ॲमाइन हे रसायन वापरतात. ते स्वस्त झालं तर हा प्रकार परवडेल का? (पुणे)

उत्तर : नाही, कारण ॲमाइनची किंमत इथे किरकोळ आहे. नेहमीच्या वापरातलं मोनोइथेनॉल ॲमाइन, म्हणजे एमईए, एक टन वायूमागे साधारण दीड किलो वाया जातं. बाकीचं फिरत राहतं. पैसे जातात ते या फिरवण्यात. ॲब्सॉर्बरमध्ये ४० ते ६० अंशांना ॲमाइन वायूला धरतं. तो सोडवायचा तर स्ट्रिपरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. ३० टक्के एमईएच्या द्रावणाला त्यासाठी टनामागे सुमारे ३.६ गिगाज्यूल उष्णता लागते. वाफेत मोजलं तर ३ बारची जवळपास पावणेदोन टन वाफ. पकडलेल्या वायूपेक्षा लागलेली वाफ जास्त!

५०० मेगावॅटचा संच घेऊन हिशेब करू. तासाला अंदाजे ४५० टन वायू निघतो. त्यातला ९० टक्के पकडायचा तर ४०५ टन आणि त्यासाठी वाफ ६७५ टन. अशा संचाचा बॉयलर तासाला जेमतेम १,६०० टन वाफ देतो. आपली वाफ आयपी (मध्यम दाबाच्या) आणि एलपी (कमी दाबाच्या) टर्बाइनच्या मधल्या पाइपातून काढतात, म्हणजे एलपी टर्बाइनच्या तोंडचा घासच काढतात. त्यात टनामागे २०० ते २५० युनिट वीज बुडते. पाइपलाइनसाठी वायू ११० बारपर्यंत दाबायला आणखी १०० युनिट. युनिटला ४ रुपये धरले तरी टनामागे १,२०० ते १,४०० रुपये नुसते विजेचे. यंत्रसामग्री अजून हिशेबात आलेलीच नाही.

मग कात्री कुठे लावायची? त्या ३.६ पैकी सुमारे १.९ गिगाज्यूल वायू आणि ॲमाइनचा बंध तोडायला जातात. उरलेली उष्णता द्रावणातलं ७० टक्के पाणी तापवण्यात आणि स्ट्रिपरच्या माथ्यावरून निसटणाऱ्या वाफेत जाते. पहिला उपाय अगदी साधा आहे. स्ट्रिपरमधून परतणाऱ्या गरम द्रावणाची उष्णता आत जाणाऱ्या थंड द्रावणाला देणारा प्लेट हीट एक्स्चेंजर मोठा घ्यायचा. दोन प्रवाहांमधला फरक १० अंशांवरून ५ वर आणता येतो. त्याखाली मात्र प्लेटांचा खर्च वाफेच्या बचतीला गिळतो. दुसरा उपाय, ॲब्सॉर्बरच्या मध्यावर द्रावण बाहेर काढून थंड करायचं. थंड ॲमाइन जास्त वायू धरतं, त्यामुळे तेवढ्याच वायूसाठी कमी द्रावण फिरवावं लागतं. तिसरा, द्रावणच बदलायचं. नव्या ॲमाइनांची गरज २.५ गिगाज्यूलच्या आसपास आहे, म्हणजे वाफ सव्वा टनाच्या आत.

स्ट्रिपर आणखी तापवावा असं वाटेल, पण १२०-१२५ अंशांपुढे एमईए झपाट्यानं कुजतं. पिपराझिन हे दुसरं ॲमाइन १५० अंशांपर्यंत टिकतं. त्याचा दुसरा फायदा असा की वायू आधीच जास्त दाबानं बाहेर पडतो आणि कंप्रेसरचं काम हलकं होतं.

प्रश्न : कॅनडाच्या बाउंड्री डॅम केंद्रात २०१४ पासून हे चालू आहे. वर्षाला १० लाख टन ठरलं होतं, पण सुरुवातीची वर्षं मागे का पडली? (टोरांटो)

उत्तर : मुख्यतः राखेमुळे. बारीक फ्लाय ॲश आधीच्या गाळण्यांतून निसटून ॲमाइनमध्ये उतरली. डिमिस्टर म्हणजे थेंब अडवणारी जाळी. तिच्यात ओली राख लगद्यासारखी बसते, दाब वाढतो, पंख्याला धूर ढकलता येत नाही आणि शेवटी धुराचा प्रवाहच कमी करावा लागतो. द्रावणातले बारीक कण फेसही टिकवून धरतात. हीट एक्स्चेंजर आणि रिबॉयलरवर (स्ट्रिपरमधलं द्रावण वाफेनं तापवणाऱ्या भांड्यावर) थर चढतात तो त्रास वेगळा.

पण राखेपेक्षा महाग पडली ती रचना. साफसफाईसाठी एखादं उपकरण वेगळं काढता येत नसे, म्हणून सगळं बंद ठेवावं लागे. पुढे आयसोलेशन व्हॉल्व्ह आणि जोडीला जादा एक्स्चेंजर बसवले. भांडवल वाचवायला काढून टाकलेला एक व्हॉल्व्ह पुढे किती दिवसांचं उत्पादन खातो, हे आमच्या मते या प्रकल्पानं सर्वांत चांगलं दाखवलं. एवढं करूनही २०२१ मध्ये कंप्रेसरच्या मोटरनं दगा दिलाच.

प्रश्न : चंद्रपूरच्या संचांना हे बसवता येईल का? (चंद्रपूर)

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या येईल, पण सुरुवात ॲमाइनपासून होत नाही. सल्फर डायऑक्साइड ॲमाइनला कायमचं बांधून टाकतो. त्यातून बनणारे क्षार स्ट्रिपरच्या उष्णतेनंही सुटत नाहीत. एमईएसाठी त्याचं प्रमाण १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) खाली हवं, म्हणजे घनमीटरला सुमारे २८ मिलिग्रॅम. ५०० मेगावॅटच्या जुन्या संचांसाठी ठरलेली मर्यादाच २०० मिलिग्रॅमची होती, म्हणजे ७० पीपीएम. चुनखडीची एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा, बसवून नियम पाळला तरी कॉस्टिक सोड्याचा आणखी एक स्क्रबर लागेल. त्यात जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य संचांना एफजीडीच्या सक्तीतून सूट मिळाली. जिथे ती बसणार नाही, तिथे तिचाही खर्च कार्बनच्या खात्यात पडेल.

आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के, तेव्हा वरचं उत्तर पुन्हा वाचावं. शिवाय धूर आणि द्रावण थंड करायला जादा पाणी लागतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात ते कुठून आणायचं, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर हवं.

प्रश्न : तुतिकोरिनमध्ये टनाला ३० डॉलरमध्ये काम होतं असं वाचलं. खरं का? (नाशिक)

उत्तर : तो आकडा तंत्रज्ञान देणाऱ्या कंपनीचा आहे. तिथे वर्षाला ६० हजार टन वायू कोळशाच्या बॉयलरमधून पकडून शेजारीच सोडा ॲश बनवायला वापरायची योजना होती. पाइपलाइन नाही, ११० बारचा दाब नाही, जमिनीत साठवणूक नाही. दोन प्रकल्पांचे दर शेजारी ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : वायू कोणत्या दाबाला मोजला, वाफेचा भाव काय धरला आणि साठवणूक आत आहे की बाहेर. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा या कार्बन पकडण्याच्या प्रकल्पात तर चौथीही होती, वायूचं गिऱ्हाईक. तो वायू जास्त तेल काढण्यासाठी तेलविहिरीत जायचा. तेलाचे भाव कोसळल्यावर मे २०२० मध्ये चालता प्रकल्प बंद झाला, तो सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला.