तीन क्लास एका अंगावर

प्रश्न : काका, नमस्कार. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांनी पात्रं घेऊन खेळायच्या कल्पनेतल्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचं, १९८९ सालचं, खेळाडूंचं पुस्तक मिळालं. आता दर रविवारी आम्ही चौघं भावंडं खेळायला बसतो. ताई डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, आहे. दादानं माणूस फायटर घेतलाय, धाकटीनं हाफलिंग थीफ. माझ्या पात्राच्या गुणांचे आकडे फाशांवर असे पडले : स्ट्रेंग्थ १३, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १०, इंटेलिजन्स १६, विस्डम १५, करिझ्मा ९. मला एल्फ जमातीचा फायटर-मेज-थीफ (लढवय्या, मांत्रिक आणि चोर, तिन्ही क्लास एकत्र) घ्यायचाय, म्हणजे सगळंच करता येईल. ताई म्हणते, मरशील. बरोबर कोण?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ताई.

राग मानू नकोस, हाच एल्फ मी १९९४ साली घेतला होता. कॉलेजात होतो. पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीत मित्राच्या घरी सोप्यावर बसायचो, पुस्तक झेरॉक्सचं, मध्ये चिरमुऱ्यांची परात. शेंगदाणा म्हणजे गॉब्लिन हा छोटा राक्षस, खानापूरचा काजू म्हणजे ओगर हा थोराड. जो मारेल त्यानं तो खायचा. मी महिनाभर एकही काजू खाल्ला नाही. आमचे प्रत्येकी आठ हजार एक्सपी (अनुभवाचे गुण, ते साठले की लेव्हल वाढते) झाले तेव्हा आमचा फायटर चौथ्या लेव्हलला होता. माझे क्लास तीन, म्हणून माझ्या आठ हजारांचे तीन वाटे. वाट्याला आले २,६६६. म्हणजे फायटर दुसरी, मेज दुसरी, थीफ तिसरी. हिट पॉइंटही, म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, तिन्ही क्लासच्या फाशांची सरासरी काढून मिळतात, ते माझे नऊ. चिलखत घातलं की मंत्र बंद, काढलं की पुढं उभं राहायची सोय नाही. डीएम दर वेळी विचारायचा, “तू नेमकं काय करायलास रे?” एका संध्याकाळी ओगरचा एकच सोटा बसला आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची गरज उरली नाही. काजू फायटरनं खाल्ला.

त्यात एल्फ झालास की तुझं कॉन्स्टिट्यूशन दहाचं नऊ होतं, ते वेगळंच. आणि धाकटी थीफ आहेच. दोन चोर एकाच कुलपाशी बसून काय करणार?

पात्र निवडताना आपला कागद नंतर बघावा, आधी ताटाभोवती कोण बसलंय ते बघावं. तुमच्यात मारणारा आहे, कुलूप उघडणारी आहे. जखम भरणारं कोणी नाही आणि मंत्र टाकणारं कोणी नाही. आता मंत्रांच्या कामाचे तुझे आकडे बघ : इंटेलिजन्स १६, विस्डम १५. फाशांनी उत्तर तुझ्या हातात दिलंय की. हाफ-एल्फ घे, क्लेरिक-मेज, म्हणजे जखमा भरणारा पुरोहित आणि मांत्रिक एकातच. कॉन्स्टिट्यूशनही जागेवर राहतं.

विस्डम १५ असलं की क्लेरिकला पहिल्या पातळीचे दोन मंत्र जादा मिळतात. म्हणजे पहिल्याच दिवशी तुझ्याकडे तीन, तिन्ही ‘क्युअर लाइट वुंड्स’ ठेव. दादा तुला पुढच्या जन्मी विसरणार नाही. मेजचा मंत्र मात्र एका वेळी एकच पाठ ठेवता येईल, टाकला की जागा मोकळी. तो शत्रूंना झोपवणारा ‘स्लीप’ घ्यावा की अंगाला चिलखतासारखं जपणारा ‘आर्मर’, असा प्रश्न पडेल. दोन्ही घे. ‘आर्मर’ला तासांची मुदत नाही, ठरावीक मार खाईपर्यंत तो टिकतो. तेव्हा मोहिमेच्या आदल्या दिवशी घरीच टाक, रात्री झोप, सकाळी त्याच जागी ‘स्लीप’ पाठ कर. आर्मर क्लास (बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला) सहा, त्यातून डेक्स्टेरिटीचे दोन वजा, म्हणजे चार. चिलखत न घालता चार! या मंत्राला पुरोहितानं आशीर्वाद दिलेला, नीट कमावलेल्या कातड्याचा तुकडा लागतो. इतर मेजांना त्यासाठी देवळाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तुझा पुरोहित तूच. कातड्याचं तर तुम्हा निपाणीकरांना सांगायलाच नको, एखादी जुनी कोल्हापुरी पुढं केलीस तर ताई नाही म्हणायची नाही.

सुरुवात रखडत होणार, हे आधीच सांगतो. प्रत्येकी पाच हजार एक्सपी झाले की धाकटी चौथ्या लेव्हलला असेल, दादा तिसऱ्या, तू दोन्हीकडे दुसऱ्या. ती चिडवेल. चिडवू दे. या खेळात बराच काळ पुढच्या लेव्हलला जवळपास दुप्पट एक्सपी लागतात, त्यामुळं निम्मा वाटा गेला तरी माणूस साधारण एकच पायरी मागं राहतो. चाळीस हजारांना नुसता मेज सहाव्या लेव्हलला असतो, नुसता क्लेरिकही सहाव्याच. तू पाच आणि पाच. पाचव्याला ‘फायरबॉल’ येतो. माझ्या तीन क्लासवाल्या एल्फचं तेवढ्यात मेज म्हणून चारच झालं असतं, म्हणजे फायरबॉल नाही.

हाफ-एल्फला लेव्हलची मर्यादा आहे, क्लेरिकला चौदा आणि मेजला बारा. ती वाचून घाबरू नकोस. बारावा मेज व्हायला तुला एकूण पंधरा लाख एक्सपी लागतील. तोवर धाकटीचं लग्न होईल.

तरीही तुला मारामारीच हवी असेल आणि मेज दुसरं कोणी घेणार असेल, तर हाफ-एल्फच, पण फायटर-क्लेरिक. क्लेरिकच्या मंत्रांना चिलखताची आडकाठी नाही. तलवार सोडून गदा घ्यावी लागते, एवढंच.

ताईकडून आत्ताच एक गोष्ट ठरवून घे. इंटेलिजन्स १६ ला नवा मंत्र शिकता येण्याची शक्यता ७० टक्के असते. मेजच्या सुरुवातीच्या मंत्रांच्या वहीत ‘स्लीप’ आणि ‘आर्मर’ दोन्ही फासा न टाकता देणार का, ते विचार. नाही म्हणाली आणि ‘स्लीप’चा फासा चुकला, तर मला पुन्हा पत्र टाक; मग हिशोब वेगळा मांडावा लागेल.