फिरंगी कोण? आणि ‘इंग्रज’ आला कुठून?

प्रश्न असा आला आहे: पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यातल्या फोंड्याच्या एका घराण्याच्या तीन पिढ्यांवरची ऐतिहासिक कादंबरी वाचताना, 1840 च्या सुमारास बेळगावहून आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला घरातले आजोबा ‘फिरंगी’ म्हणतात. हे बरोबर आहे का? आणि हा शब्द ‘फॉरेन’वरून आला का?

दुसऱ्याचं आधी. नाही, नाही आणि नाही! ‘फॉरेन’चा इथे काडीचाही संबंध नाही. फ्रँक लोकांचं नाव अरबीत ‘इफ्रंज’ झालं, फारसीत ‘फरंग’ झालं, आणि पोर्तुगीजांचं पहिलं गलबत 1498 मध्ये कालिकतला लागण्याच्या कितीतरी आधीपासून ते पश्चिम आशियात रुळलेलं होतं. तरी दर आठवड्याला कुणीतरी ‘फॉरेन’ची ही थाप ठामपणे सांगतोच.

आता मुद्द्याचं. मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे ‘कोणीही गोरा’ नव्हे. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. वसईकडचा त्यांचा मुलूख तो फिरंगाण. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यनीतीच्या ग्रंथात, फिरंगी, इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार अशी वेगवेगळी नावं येतात आणि या सगळ्यांना मिळून शब्द आहे ‘टोपीकर’. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886 च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाचे कर्ते म्हणतात की सरसकट युरोपियनाला फिरंगी म्हटलं की त्यात वैर किंवा तुच्छता असते. 1886 च्या इंग्रजाच्या कानाला तसं लागलं असेल, पण मराठी दप्तराला ते मुळीच लागू नाही. 1739 मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेताना तहाची बोलणी करणारा कारकून ‘फिरंगी’ लिहितो तेव्हा तो शिवी देत नसतो, समोरच्या सत्तेचं नाव लिहीत असतो. युरोपी पात्याच्या लांब, सरळ तलवारीलाही आपण ‘फिरंग’ म्हणत होतो. मूठ इथली, पातं तिकडचं, आणि नावात तुच्छता शोधूनही सापडणार नाही.

पण त्या यादीतली खरी गंमत पुढेच आहे. ‘इंग्रज’ आणि ‘वलंदेज’, दोन्हींच्या शेवटी हा ‘ज’ कुठला? ‘इंग्लिश’मध्ये ज नाही, ‘डच’मध्ये नाही. तो आहे पोर्तुगीजांच्या ‘इंग्लेझ’ आणि ‘ओलांदेझ’मध्ये. ‘इंग्लेझ’मधल्या ‘ल’चा ‘र’ झाला, यात नवल नाही, संस्कृतात रोम आणि लोम शेजारी शेजारी नांदतात. ‘वलंदेज’ तर त्याहून पक्का पुरावा. पोर्तुगीज ‘ह’ लिहितात पण उच्चारत नाहीत. ‘हॉलंड’ इंग्रजांच्या तोंडून आलं असतं तर ‘ह’ राहिला असता. आलं ‘ओलांदेझ’, आणि आपल्या बोलीत ओठाचा ‘वठ’ आणि ओढ्याचा ‘वढा’ होतो, तसा ‘ओ’चा ‘व’ झाला. ‘डिंगमार’ म्हणजे डेन्मार्कवाले, 1620 पासून तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीला ठाण मांडून बसलेले. पोर्तुगीजांचं ‘दिनामार्का’ मोठ्यानं म्हणून पाहा, ‘डिंगमार’ त्यातूनच निघाला असं माझं ठाम मत आहे. ‘इंग्रज’ फ्रेंच ‘आंग्ले’वरून आला असं सांगणाऱ्यांनी तो ‘ज’ कुठून आणला ते एकदा दाखवावंच. फ्रेंच कंपनी इथे येईपर्यंत सुरतेच्या वखारीत इंग्रज मुरलेले होते. त्याच्याही शंभर वर्षं आधीपासून या किनाऱ्यावर फिरंगी होते, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक टोपीकराची ओळख त्यांनीच करून दिली. ज्यांनी दीडशे वर्षं या देशावर राज्य केलं, त्यांना आपण आजही त्यांच्या शेजाऱ्यानं ठेवलेल्या नावानं हाक मारतो!

फरासीस मात्र या रांगेतला असेलच असं नाही, तो अरबी-फारसी वाटेनंही आला असू शकतो.

हां, कादंबरी. 1857 च्या धामधुमीत उत्तरेत इंग्रजाला सर्रास फिरंगी म्हणत, कारण तिथे वेगळा ओळखायला पोर्तुगीज शेजारी नव्हता. आपले लेखक तो शब्द हिंदी सिनेमातल्या संवादांतून उचलतात. फोंडा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेला. तिथल्या आजोबांच्या दारात फिरंगी रोज उभा होता आणि बेळगाव 1818 पासून इंग्रजांचं होतं. दोन सरकारांमधला फरक त्या आजोबांना पक्का ठाऊक असणार. पणजीचा गव्हर्नर त्यांचा फिरंगी. घरात बोलताना ते त्याला ‘पाखलो’ म्हणतील, गोऱ्या पोर्तुगीजासाठीचा हा कोकणी शब्द. बेळगावचा तो अधिकारी इंग्रज, फार तर टोपीकर. पुढच्या आवृत्तीत एवढा शब्द बदलावा.