जॉर्जियाचा ‘गव्हर्नर’ राज्यपाल होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १९४६ साली झालेल्या निवडणुकीवर मराठीत लेख लिहायचा आहे. गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ॲटर्नी जनरल ही सगळी पदं तिथे मतदारांनी भरली. त्यांच्यासाठी राज्यपाल, नायब राज्यपाल, परराष्ट्रमंत्री आणि महाधिवक्ता हे शब्द वापरले तर चालतील का?

महाधिवक्ता एक वेळ चालेल. बाकीचे तीन वापरू नयेत, कारण त्यांनी लेखाचा गाभाच बिघडेल. त्या निवडणुकीनंतर जॉर्जियात जो पेच झाला, तो सगळा ‘कोणाला लोकांनी निवडून दिलं आणि कोणाला नाही’ यावरच उभा होता, आणि आपले हे तिन्ही शब्द नेमणुकीचे आहेत.

राज्यपाल म्हटलं की मराठी वाचकाला राष्ट्रपतींनी नेमलेली आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारी व्यक्ती दिसते. घटनेच्या १५५ व्या अनुच्छेदातच ही नेमणूक आहे. ‘राज्यपालपदाची निवडणूक’ हे शब्द वाचले की वाचक अडखळतो, आणि त्याचं अडखळणं रास्त आहे. मुख्यमंत्री म्हणावं, तर मुख्यमंत्री विधानसभेतल्या बहुमतावर टिकतो. जॉर्जियाचा गव्हर्नर थेट मतदारांकडून येतो आणि सरकारही स्वतः चालवतो. मग परका शब्द ठेवायचा का, तर ‘गव्हर्नर’ परका राहिलाय कुठे? मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात होता आणि रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आजही रोजच्या बातम्यांत असतात. तोच शब्द ठेवावा.

यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या संविधान सभेपुढे १९४७ साली आलेल्या पहिल्या आराखड्यात प्रांताचा गव्हर्नर प्रौढ मतदानाने निवडावा असंच होतं. मे १९४९ मध्ये ते बदललं. लोकांनी निवडलेला गव्हर्नर आणि लोकांनीच निवडलेल्या सभागृहाचा नेता एकमेकांसमोर ठाकले तर काय, ही त्यामागची मुख्य चिंता होती. तो आराखडा टिकला असता, तर ‘राज्यपालपदाचा उमेदवार’ हे शब्द आज आपल्याला खटकले नसते. म्हणजे दोष ‘राज्यपाल’ या शब्दात नाही, पण त्याला जो अर्थ चिकटला तो आता सुटणारा नाही.

आता जॉर्जियाकडे वळू, कारण पुढच्या शब्दांचा निकाल तिथेच लागतो.

त्या काळी जॉर्जियात डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली की पद मिळालंच. म्हणून खरी लढत जुलैतली. तिला ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणू नका, वाचकाला ती प्राथमिक फेरी वाटेल. ‘उमेदवारीची निवडणूक’ म्हणा. या लढतीत जेम्स कारमायकल यांना लोकांची मतं जास्त पडली, तरी जिंकले यूजीन टॅल्मेज. कारण मोजणी काउंटीनिहाय होती. राज्यात १५९ काउंट्या. सर्वांत मोठ्या आठांना प्रत्येकी ६ गुण, त्याखालच्या तीसांना ४, आणि उरलेल्या १२१ ना प्रत्येकी २. अटलांटासारखं शहर असलेल्या काउंटीची बरोबरी तीन चिमुकल्या ग्रामीण काउंट्या करू शकत. इथे ‘काउंटी’ला जिल्हा म्हटलं तरी माझी हरकत नाही, फक्त एवढ्याशा राज्यात १५९ जिल्हे कसे, हे एका वाक्यात सांगावं लागेल.

नोव्हेंबरच्या मतदानात टॅल्मेज यांच्यासमोर कोणी नव्हतं. ते निवडून आले आणि शपथ घेण्याआधीच, २१ डिसेंबर १९४६ रोजी वारले.

त्याच निवडणुकीत लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून मेल्विन थॉम्पसन निवडून आले होते. हे पद १९४५ च्या नव्या राज्यघटनेने निर्माण केलं होतं आणि ते पहिल्यांदाच भरलं जात होतं. थॉम्पसन हे मावळते गव्हर्नर एलिस आर्नल यांच्या गोटातले, म्हणजे टॅल्मेज यांचे विरोधक. आता त्यांना ‘नायब राज्यपाल’ म्हणून बघा. नायब म्हणजे वरिष्ठाच्या हाताखाली, त्याच्या वतीने काम करणारा. नायब तहसीलदार आपण रोज ऐकतो. वाचकाला वाटेल, टॅल्मेज यांनीच नेमलेला हा माणूस. गोव्याच्या वाचकाचा घोटाळा तर आणखी होईल, कारण १९८७ साली घटक राज्य होईपर्यंत गोव्याला दिल्लीहून नेमलेले नायब राज्यपाल होते. ‘उपराज्यपाल’ लिहूनही फरक पडत नाही. थॉम्पसन यांचा रिकाम्या गव्हर्नरपदावरचा सगळा दावा ‘मला लोकांनी या पदासाठी वेगळी मतं दिली आहेत’ हा होता. म्हणून ‘लेफ्टनंट गव्हर्नर’च लिहा आणि पहिल्या उल्लेखात ‘स्वतंत्रपणे निवडून आलेले’ हे शब्द जोडा.

टॅल्मेज गटाचं म्हणणं वेगळं होतं: विजेताच वारला, म्हणजे हयात असलेल्या कोणालाच बहुमत उरलं नाही. कोणालाच बहुमत नसेल तर सर्वाधिक मतं मिळालेल्या, हयात असलेल्या दोघांतून विधिमंडळाने एकाची निवड करावी, अशी तरतूद घटनेत होती. यूजीन यांची तब्येत ढासळलेली होती, म्हणून त्यांच्या काही समर्थकांनी मतपत्रिकेवर त्यांचा मुलगा हर्मन याचं नाव हाताने लिहून ठेवलं होतं. (याला ‘लेखी मत’ म्हणू नका, आपल्याकडे त्याचा अर्थ लेखी अभिप्राय. ‘हाताने नाव लिहून दिलेलं मत’ थोडं लांब आहे, पण चोख आहे.) पहिल्या मोजणीत हर्मन अशा मतांतही मागे होते. मग त्यांच्या घरच्या टेलफेअर काउंटीतून ५८ मतं ‘सापडली’ आणि हाताने लिहिलेल्या मतांचे आकडे झाले: हर्मन ६७५, कारमायकल ६६९. अटलांटा जर्नलचे वार्ताहर जॉर्ज गुडविन यांनी या काउंटीच्या याद्या तपासल्या, तेव्हा मेलेल्या माणसांची नावं निघाली आणि मतदारांनी चक्क वर्णानुक्रमाने येऊन मतदान केल्याचं दिसलं. या बातमीला १९४८ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. पण तोवर १५ जानेवारी १९४७ च्या पहाटे विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी हर्मन यांची निवड करून टाकली होती.

इथे मराठीची एक ताकद कामाला येते, ती जरूर वापरा. ‘निवडून येणे’ आणि ‘निवड होणे’ आपल्याकडे एक नाही. लोकांच्या मतदानातून माणूस निवडून येतो. एखाद्या सभेने, समितीने ठरवलं की त्याची निवड होते. वरून आदेश निघाला की नेमणूक. तेव्हा यूजीन निवडून आले, थॉम्पसन निवडून आले पण दुसऱ्या पदावर, आणि हर्मन यांची निवड झाली. क्रियापदं नीट ठेवली की अर्धा लेख आपोआप उलगडतो. हर्मन यांनी गव्हर्नरच्या कार्यालयाचा ताबा घेतला. आर्नल यांनी विधानभवनातल्या चौकशीच्या टेबलावरून काम सुरू ठेवलं आणि थॉम्पसन यांचा शपथविधी झाल्यावर राजीनामा दिला.

राहिले सेक्रेटरी ऑफ स्टेट. वॉशिंग्टनमध्ये हे परराष्ट्रमंत्री. ब्रिटिश काळी लंडनमध्ये याच नावाच्या मंत्र्याला आपण भारतमंत्री म्हणायचो. अटलांटातल्या, म्हणजे जॉर्जिया राज्याच्या, सेक्रेटरी ऑफ स्टेटचा परराष्ट्राशी काडीचा संबंध नाही. राज्याचं दप्तर आणि राज्याचा शिक्का सांभाळणं हे त्याचं काम. त्या वेळी या पदावर बेन फोर्टसन होते. त्यांच्याही नावापुढे मतदारांचा कौल होता, त्यामुळे त्यांना पदावरून दूर करणं कोणत्याही गव्हर्नरच्या हातात नव्हतं. शिक्क्याशिवाय सरकारी कागद पक्का होत नसे. अपघातात अपंगत्व आलेले फोर्टसन चाकांच्या खुर्चीवर असत. त्यांनी तो शिक्का खुर्चीच्या गादीखाली ठेवला, त्यावरच बसले, आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणालाही दिला नाही.

अशा माणसाला ‘सचिव’ म्हणवत नाही. आपल्या मंत्रालयातले सचिव सनदी अधिकारी, त्यांची बदली होते. ‘राज्य चिटणीस’ मला मनापासून आवडतो. चिटणीस हा मुळात कागदपत्रं लिहिणारा, सांभाळणारा माणूस, आणि संस्थांमधला चिटणीस निवडूनही येतो. अडचण एकच, आपल्या राजकीय पक्षांतही राज्य चिटणीस असतात. म्हणून पहिल्यांदा ‘राज्याचा शिक्का आणि दप्तर सांभाळणारे निर्वाचित सेक्रेटरी ऑफ स्टेट’ असं लिहून पुढे ‘राज्य चिटणीस’ वापरा. शिवकाळातल्या पत्रांवर माथ्याला शिक्का आणि शेवटी मोर्तब असे. त्या जोडीतून आलेला ‘शिक्कामोर्तब’ आपण एरवी लाक्षणिक अर्थानेच वापरतो. फोर्टसन यांच्याबद्दल लिहिताना तो अक्षरशः बसेल.

ॲटर्नी जनरल यूजीन कुक हेही निवडून आलेले. आपल्याकडे केंद्राचा महान्यायवादी आणि राज्याचा महाधिवक्ता, दोघेही नेमलेले. पण राज्य सरकारला कायद्याचा सल्ला देणं, न्यायालयात उभं राहणं हे काम महाधिवक्त्याशी जुळतं, म्हणून ‘निवडून आलेले महाधिवक्ता’ एकदा सांगून पुढे महाधिवक्ता लिहिलंत तरी वाचक फसणार नाही. खजिनदार तर बिनधास्त खजिनदारच लिहा.

पेच सुटला तो १९ मार्च १९४७ रोजी. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध २ अशा मतांनी थॉम्पसन यांच्या बाजूने कौल दिला आणि हर्मन यांनी कार्यालय सोडलं. पुढच्याच वर्षी ते थॉम्पसन यांना हरवून गव्हर्नर झाले. त्या वाक्यात मात्र ‘निवडून आले’ असंच लिहा.