वाचक विचारतात : सीईटीत रँक मागं गेली, आता नर्सिंगचं काय?

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स बेळगावात. बीएस्सी नर्सिंगसाठी सीईटी दिली पण रँक लईच मागं गेली. एक एजंट बेंगळूरला सीट देतो म्हणायलाय, ओरिजिनल मार्क्सकार्ड आधी द्या म्हणतोय. घरात जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) कर म्हणायलेत, पण मग डिग्री कधीच मिळणार नाही ना?

उत्तर : आधी ते मार्क्सकार्ड कपाटात ठेव आणि किल्ली आईकडं दे. ओरिजिनल एकदा दुसऱ्याच्या ड्रॉवरात गेले की उद्या केईएच्या (सीईटीच्या सीटा वाटणारं कर्नाटकचं सरकारी प्राधिकरण) पुढच्या राउंडला सीट लागली तरी तू अडकलीस, सोडवायला परत पैसे. आणि राउंड संपेपर्यंत ऑप्शन भरत राहा गं, आयुषला (आयुर्वेद, होमिओपॅथी) वगैरे नंबर लागला की पोरं निघून जातात, सीटा सुटतात.

डिग्री मिळते की! जीएनएम तीन वर्षांचं, त्यातच शेवटचे सहा महिने इंटर्नशिप, मग स्टेट नर्सिंग कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन, आणि त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. म्हणजे थेट बीएस्सीच्या चारच्या जागी शिक्षणाची पाच वर्षं, पण मधे नोकरी करून चार पैसे साठवता येतात आणि पुढं एमएस्सीलाही हे चालतं. माझं मत विचारशील तर घरात वर्षभर बसण्यापेक्षा हे बरं. फक्त कॉलेज मान्यतेचं पाहिजे, कारण रजिस्ट्रेशन नसेल तर पोस्ट बेसिकला दारातच अडवतात. कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव तू स्वतः बघ, ऑफिसात फ्रेम करून लावलेल्या सर्टिफिकेटवर जाऊ नको.

परत परीक्षा द्यायचीच असेल तर ‘नीट’चा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) फॉर्मपण भर. मिलिटरी नर्सिंगच्या बीएस्सीला नीटचा स्कोअर धरतात, अविवाहित मुलींसाठीच आहे, शिक्षण सरकारी खर्चानं आणि बाहेर पडलीस की लेफ्टनंट. आणि सीईटीच्या फॉर्ममधे रुरल कोटा मागितला होतास का? पहिली ते दहावी दहाही वर्षं खेड्यात पाहिजेत, बीईओंची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. हायस्कूल खानापूर गावात पट्टण पंचायतीच्या हद्दीत केलं असशील तर विसर, तो धरत नाहीत. महाराष्ट्राची नर्सिंगची सीईटी वेगळी असते. तुझं गाव महाराष्ट्र दावा सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत असेल तर त्यांच्या माहितीपुस्तिकेत सीमाभागाबद्दल काय लिहिलंय ते नीट वाच, मातृभाषा मराठी असल्याचा दाखला आधीच काढून ठेव.

प्रश्न : माझा भाऊ बारावी आर्ट्स आहे, त्याला नर्सिंग जमेल का? निपाणीत सगळे हसायलेत.

उत्तर : हसू देत. जीएनएमला आर्ट्सवाले चालतात, एकूण 40 टक्के आणि इंग्लिशमधे पास पाहिजे. मुलगा आहे म्हणून अडत नाही. थेट बीएस्सीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतंच, तिथं फॉर्मचे पैसे घालवू नका.